घरी गाडी पाठवल्याबद्दल दोन शब्द

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे संचालक मंडळ, आजचे सत्कारमूर्ती आणि आपले कारखानाप्रमुख श्री. शेखर बोरस्ते साहेब, कार्मिक विभागाच्या तेजस्विनी मॅडम, आणि शिफ्ट संपवून, घरी न जाता, उपाशीपोटी सातपूरच्या या सभागृहात बसलेल्या माझ्या बंधूंनो आणि भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी मनीषा. प्लेटिंग खात्यातल्या गोरक्ष आहेर यांची पत्नी. शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माईक हातात आला की लवकर सुटत नाही, हे आधीच सांगून ठेवते. परवा तेजस्विनी मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, "ताई, साहेब बढतीवर मुख्य कार्यालयात चाललेत. कुटुंबांच्या वतीने तुम्ही दोन चांगले शब्द बोला. कंपनी तुमच्या मिस्टरांना न्यायला रोज घरी गाडी पाठवते, त्याचा उल्लेख जरूर करा." करते मॅडम. तोच करायला आलेय.

गाडी येते, अगदी वेळेवर येते. आमच्या अशोकनगरच्या गल्लीत पांढरी गाडी शिरली की शेजारच्या बायका दारात येतात. येवल्याहून सासूबाई आल्या होत्या, त्यांचा तर ऊर भरून आला. सगळ्यांना सांगत सुटल्या, "माझ्या गोरक्षाला न्यायला कंपनीची गाडी येती. लय मान हाय त्याला!" मी आपली आत आमच्या मिस्टरांच्या पायाची पट्टी बांधत होते.

साहेबांबद्दल वाईट बोलायला मला जागा नाही. कधी कुणावर आवाज चढवला नाही. प्रत्येक कामगाराला नावाने ओळखतात, घरच्यांची चौकशी करतात. पर्यावरण आणि सुरक्षेचा कंपनीचा तो गुळगुळीत कागदाचा वार्षिक अहवाल मी घरी वाचलाय. शुद्धलेखनाची एक चूक नाही हो! मुखपृष्ठावर झाडं, आत साहेबांचा फोटो, आणि मोठ्या अक्षरांत दोन गोष्टी. पाण्याची विक्रमी बचत, आणि शून्य अपघात.

मग माझ्या घरात जो पाय आहे, तो कुणाचा?

महेशभाऊ, तुम्ही सूत्रसंचालक आहात, मला मान्य आहे. पण चिठ्ठी पाठवू नका. चांगलेच शब्द चाललेत.

झालं असं. प्लेटिंगमध्ये अ‍ॅसिडच्या पाइपचा जोड सुटला. गमबूट होता, पण तळाशी चिरलेला. अ‍ॅसिड आत गेलं. गोरक्ष ओरडत शॉवरकडे पळाले. तुम्ही सगळे तो शॉवर ओळखता. अंगावर अ‍ॅसिड उडालं तर ताबडतोब खाली उभं राहायचं, त्यासाठीच तो बसवलाय. हिरवा रंग, वर पाटी, अहवालात फोटोसुद्धा आहे. यांनी दांडी ओढली. पाणी नाही. पुन्हा ओढली. थेंब नाही. शेवटी दोघा सहकाऱ्यांनी कॅन्टीनमधून प्यायच्या पाण्याचे जार आणून पायावर ओतले. तोवर जे जळायचं ते जळलं होतं.

पाणी का नव्हतं? मी विचारलं. शॉवर गळत होता म्हणे. त्या गळतीने पाणी बचतीचे आकडे बिघडत होते, म्हणून वरून कॉक बंद करून टाकला होता. अरे, दुरुस्त करा ना! वॉशर बदलायचा सोडून कॉक बंद? घरातली बाईसुद्धा असं करणार नाही. पण पाणी वाचलं, हे खरंच. अहवालात आलंय तसं.

आता गाडीची गोष्ट. जखमी माणूस त्या जखमेमुळे एक दिवस जरी कामावर आला नाही, तर तो अपघात म्हणून लिहावा लागतो. रोज आला, तर नुसता प्रथमोपचार. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळपासून रोज दारात गाडी. आमच्या मिस्टरांना उचलून आत बसवलं, टाइम ऑफिसमध्ये खुर्ची दिली, चहा दिला. काम काही नाही. दिवसभर पाय लोंबकळत ठेवून बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं. यांना साखरेचा त्रास. डॉक्टर बजावून सांगत होते, पाय उंच ठेवून पडून राहा, नाहीतर जखम चिघळेल. पण हजेरी लागली पाहिजे ना!

मी साहेबांना भेटले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी विचारलं, आणि म्हणाले, "वहिनी, एवढा अहवाल जाऊ द्या, मग हवी तेवढी रजा." अहवाल गेला. पुन्हा गेले, तर म्हणाले, "सुरक्षा पुरस्काराची पाहणी होऊ द्या." ती झाली, ढालही मिळाली. मग म्हणाले, "आता माझा निरोप समारंभ तेवढा होऊ द्या." साहेब, त्या जखमेला तुमचं वेळापत्रक कळत नव्हतं हो!

आणि घरात भांडायचं कुणाशी? आमचे मिस्टर पडले भोळे सांब. म्हणतात, "अगं, साहेबांची बढती अडकेल. माणूस चांगला आहे. थोडी कळ काढू." आजही त्यांना येऊ नका म्हटलं होतं. ऐकतात कुठे? बसलेत बघा तिसऱ्या ओळीत. एका पायात बूट, दुसऱ्यात पट्टी. आत्तासुद्धा मला हाताने "बस कर" म्हणतायत. नाही करत मी बस! तुमच्या चांगुलपणाचा मला संताप आलाय, आणि ज्यांनी तो वापरून घेतला त्यांचा त्याहून जास्त.

आता आभार मानते. ज्यांनी जार ओतले त्या दोन भावांचे आभार. तुम्ही नसता तर अख्खा पाय गेला असता. गाडीच्या ड्रायव्हरदादांचे आभार, ते गाडीतून उतरवताना यांना कधी दुखू देत नाहीत. मला बोलायला बोलावलं म्हणून तेजस्विनी मॅडमचे आभार. साहेबांना नव्या जागेसाठी शुभेच्छा. मी चिडून बोलले, सणासुदीसारख्या सजलेल्या या सभागृहात कुणाचं मन दुखावलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला.

एवढंच सांगायचं राहिलं. काल पट्टी सोडली तेव्हा करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलेलं होतं. इथून आम्ही थेट दवाखान्यात भरती व्हायला चाललोय. उद्या सकाळी डॉक्टर ती दोन्ही बोटं काढणार आहेत. उद्या गोरक्ष कामावर येणार नाहीत. साहेब, तुम्ही अजून कारखानाप्रमुख आहात. त्यांच्या नावापुढे अपघात असं लिहा. आत्ता, या सगळ्यांसमोर लिहा. दवाखान्यात आमची वाट बघतायत, पण तेवढ्यासाठी मी थांबते.