मामाच्या माळवदावरून

पाथरीच्या बसस्थानकात बबिताच्या मागच्या बाकावर एक म्हातारं जोडपं बोलत बसलं होतं.

"लहानपणी मला चारठाण्याच्या एका पैलवानाचं लय याड. त्याची चाल बी उचलली होती मी," म्हातारा म्हणाला.

"माझा बी होता एक पैलवान. झरीच्या जत्रंत मामाच्या माळवदावरून बघायचे त्याला."

"लय कुस्त्या मारायचा?"

"कुठल्या? दरसाल पडायचा. अन् हसत उठून जिंकलेल्यालाच खांद्यावर घ्यायचा."

बबिताची जिंतूरची गाडी लागली, पण ती उठली नाही.

"मंग?"

"मंग काय, त्याचंच स्थळ आलं. आईला म्हणले, आता दुसरं बघू नका."

म्हातारा हसत तिच्याकडं वळला.

"म्हंजी मलाच बघायचीस? इतकी वरसं सांगितलं न्हाईस."

"तुमी इचारलं कधी?"

"गाडी आली आपली. दे ती पिशवी, पायरी उंच हाय."