सोयाबीनची मोकळी ओळ

हसू नका, पण औंदा म्या लई मोठा गाढवपणा केला. छोट्या ट्रॅक्टरला पाच नळ्यांचं पेरणी यंत्र जोडलं अन् सोयाबीन पेरलं. आठ दिसांनी बघतो तर रान मधीमधी मोकळं. बांधापलीकडं आमच्या गावच्या सोपानआबांची मेंढरं चरत होती. माझं डोस्कंच फिरलं. तसाच पारावर गेलो अन् सत्तरीतल्या माणसाला समद्या गावासमोर अरे-तुरे करून शिव्या दिल्या.

"तुझ्या मेंढरांनी माझं रान खाल्लं!"

आबा काठी टेकत उठले. "चल, दाखव."

रानात आले अन् काठीनं एकेक ओळ दाखवत गेले. "चार ओळी उगवल्यात, पाचवी मोकळी. परत चार उगवल्यात, पाचवी मोकळी. माझी मेंढरं मोजून खातेत व्हय रं?"

घरी येऊन यंत्र उलटं केलं, तर मधली नळी मातीनं गच्च. कुंभारीण माशीनं आत घर केलं होतं. त्या नळीतून बी पडलंच नव्हतं.

सांजच्याला आबांच्या घरी गेलो, पाय धरले. "आबा, चुकलं माझं. माफ करा."

आबांनी पाय मागं घेतले. "शिव्या पारावर दिल्यास. माफी हितं भिंतीआड का मागतोस?"

पंधरा दिस झाले त्याला. तुमाला हितं परंड्याच्या बाजारात चहा पीत सांगतोय खरं, पण गावात पारावर अजून माझं तोंड उघडलं न्हाय.