झोप यावी म्हणून

माझं माहेर कात्रजचं, तेव्हा तिथे शेतं होती, चौथीपर्यंत शिकले, मग शाळा सुटली ती सुटलीच, लग्न होऊन विश्रांतवाडीला आले आणि तेव्हापासून इस्त्री करते, लोकांचे कपडे, दुसरं काय. नवरा प्यायचा. रोज. बोललं की म्हणायचा, झोप यावी म्हणून घेतो, तुझ्या बापाचं काय जातं. बापाचं काही जात नव्हतं, बाप आधीच गेला होता. मग हाही गेला, लिव्हरने, आणि मला वाटलं आता मी झोपेन. तर झोपच येईना, इतकी वर्षं त्याची वाट बघत जागायची सवय, ती काही त्याच्याबरोबर गेली नाही. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने बारीक गोळी दिली, ती घेतली, मग घेतच राहिले, पुढे दुपारीही एक, डॉक्टरला कोण विचारतंय.

यंदा उन्हाळ्यात सुनेने ओरडून माझा हात ओढला. मनगट इस्त्रीला टेकलेलं आणि मला पत्ता नाही, गुंगीत उभी होते. काय सांगू तुम्हाला, कातडी सोललेली दिसत होती तरी काही वाटलं नाही, दुसऱ्या कोणाचा हात असावा तसं.

म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात सिस्टरने पट्टी बांधता बांधता विचारलं, आजी, काही घेता का. मी म्हटलं, चहा घेते, पाजताय का. ती हसली, म्हणाली दारू, तंबाखू, मिश्री, आम्ही सगळ्यांनाच विचारतो. मी म्हटलं, अहो बाई, दारुड्याबरोबर जन्म काढला, मला काय विचारता. ती हलली नाही. आणि एखादी गोळी? ती होय, म्हटलं, ती झोप यावी म्हणून घेते.

म्हटलं आणि माझं मलाच ऐकू आलं. शब्दसुद्धा त्याचेच. सून खाली बघत होती, सासऱ्याचं हे वाक्य तिनेही ऐकलेलं.

सिस्टरला त्यातलं काय ठाऊक. तिने आत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, एकदम सोडू नका, त्रास होईल, मला दाखवत दाखवत कमी करू.

आता अर्धीवर आले आहे. झोप कमी, चिडचिड फार. सून म्हणते, आई, गोळीवर होता तेव्हा बऱ्या होता. असेन. त्या सिस्टरचं भलं होवो, चहा मात्र तिने अजून पाजलेला नाही. काल बोटाला इस्त्रीचा चटका बसला, इतकुसा. लगेच कळलं.