पोहणारीची पेटी

आदरणीय अध्यक्ष महोदय, संचालक साहेब, व्यासपीठावर बसलेल्या संग्रहपाल बाई, पाहुणे मंडळी, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले माझे पहारेकरी भाऊ,

सुरुवातीलाच माफी मागतो. हे निवृत्तीचं भाषण चार दिवस आधी लिहून कार्यालयात द्यायचं होतं. मला आज सकाळपर्यंत जमलं नाही. माझं शिक्षण सातवीपर्यंत. एक वाक्य लिहितो आणि दोन खोडतो. त्यातून जे सांगायचं, ते लिहायचा धीर होत नव्हता.

बाईंनी आत्ता माझं फार कौतुक केलं. एकतीस वर्षं हा सुतार वस्तूंच्या पेट्या करतोय, एकही वस्तू फुटली नाही, असं म्हणाल्या. बाई, त्या टाळ्या मला घेता येत नाहीत. का, ते सांगतो.

आपल्या संग्रहालयाच्या तिसऱ्या दालनातले प्राचीन चमचे आपण सगळे वर्षानुवर्षं बघत आलोय. एक हस्तिदंताचा, पानासारखा. एक मान वळवून स्वतःच्याच पाठीकडे बघणाऱ्या हंसाचा. आणि ती लाकडी पोहणारी मुलगी, जेमतेम वीतभर. पाय ताणलेले, मान वर, पुढे केलेल्या हातांत बदक. बदकाची पोकळ पाठ म्हणजे चमचा. तीन हजार वर्षांपूर्वी मलम घ्यायला केलेला. मलम काय, चपट्या काडीनेही निघालं असतं. मग त्या कारागिराने तिला वेणी का घातली? पायाची बोटं, जी कुणी बघणार नाही, ती एकेक करून का कोरली? मला विचाराल तर त्याचा हात थांबेना, एवढंच.

आमच्या हिला एकदा दाखवायला आणलं. म्हणाली, "घरी चमचा जागेवर ठेवत नाही तुम्ही, आणि इथे त्याच्यासमोर हात जोडून उभे!" पण मग स्वतःच काचेला नाक लावून बसली. निघताना म्हणाली, "दमली असेल हो पोरगी." आम्हाला मूलबाळ नाही. असो, तो आजचा विषय नव्हे.

तर चौदा महिन्यांपूर्वी पोहणारी परदेशी प्रदर्शनाला निघाली. पेटी मी केली, आतला फोम मी कापला. बाईंची चिठ्ठी स्पष्ट होती: पालथी ठेवा, भार पोटावर राहील. मी ठेवली, तर तिचं नाक समोरच्या फोममध्ये रुतलं. एवढा लांबचा प्रवास, ही श्वास कसा घेणार? हसू नका. मी दुसरा फोम कापला, तिला उताणी निजवली आणि झाकणाचे स्क्रू पिळले. ट्रक फाटकाबाहेर गेल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की आता ते काडीसारखे हात अधांतरी आहेत. एक धक्का पुरे.

नशीब, सुखरूप पोचली. पण पुढच्या आठवड्यात ती परत निघणार, आणि तिकडचे लोक तिला माझ्याच पेटीत, माझ्याच साच्यात ठेवणार. दुसऱ्यांदा नशीब तितकं चांगलं असेल का? म्हणून साहेब, शाल परत घ्या हवं तर, पण तिकडे आजच कळवा: सुताराची चूक झाली, मुलीला पालथी घाला.

तिचं कपाट रिकामं आहे. कापडाचा रंग उडालाय, फक्त ती होती तेवढ्या जागी मूळचा निळा राहिलाय. माझ्या जागी येणाऱ्या नव्या माणसाने कृपा करून ते कापड बदलू नये. रोज सकाळी मी आधी तिथे जायचो. उद्यापासून कुठे जाऊ, ते अजून ठरलेलं नाही.

आपण सर्वांनी मला सांभाळून घेतलं, त्याचे उपकार मोठे आहेत. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सुताराचं बोलणं म्हणून पोटात घाला. आणि ती आली की लवकर निरोप धाडा. पेटी उघडायला मी येईनच. फक्त निरोपातच सांगा, हात शाबूत आहेत ना. वाटभर तो घोर नको.