खुनी फक्त कैद्यांना माहीत

अमेरिकेत केंटकीतल्या आमच्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कोर्टात दंड भरायच्या रांगेत माझ्या पुढे ओपल म्हातारी आणि तिचा दीर व्हर्जिल उभे होते.

"भावजी, मी दंड भरणार नाही. मला तुरुंगात जायचंय."

"चुकीच्या जागी गाडी लावली म्हणून? वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"गावचं ग्रंथालय बंद झालं. म्हणे छत गळतंय आणि काउंटीकडे पैसे नाहीत."

"कुठून असणार? न्यायाधीशांनी तुरुंग सुधारायचा हुकूम काढला, काउंटीने सगळे तिकडेच घातले."

"तेच तर! कैद्यांना नवं छप्पर, दाताचा डॉक्टर आणि वर ग्रंथालय! माझी रहस्यकथा अर्धी वाचायची राहिलीय. तिची दुसरी प्रत तुरुंगातच आहे. खुनी कोण, ते आता फक्त कैद्यांना माहीत."

"त्यांना तसंही माहीत असणारच."

तेवढ्यात खिडकीशी त्यांचा नंबर आला.

"बाई, दंड नाही भरलात तरी आत घेता येणार नाही," खिडकीतली कारकून म्हणाली. "तुरुंगात गर्दी झालीय. किरकोळ गुन्हेगार घेऊ नका, हाही न्यायाधीशांचाच हुकूम."

"मग किरकोळ नाही, असं काय करावं लागेल?"

"निदान मारहाण तरी हवी."

ओपल व्हर्जिलकडे वळली.

"वहिनी, माझ्याकडे काय बघताय?"