माणगावहून आणलेला निरोप

सन्माननीय अध्यक्ष डॉक्टर हिरामण पाटील, व्यासपीठावर विराजमान झालेले मामलेदारसाहेब, संस्थेच्या कार्यकारी मंडळाचे सभासद, आजचे सत्कारमूर्ती आणि गेली बारा वर्षं या शाळेचे मुख्याध्यापक असलेले श्रीयुत हरेश्वर चौबळसाहेब, शिक्षकवर्ग, मिठागरावरचं काम टाकून आलेले आमच्या आळीतले काका-मावशा, आणि विद्यार्थी मित्रहो,

माझी ओळख करून देताना कार्यवाहांनी सांगितलं की काळूराम नामा घरत हा मीठ वाहणाऱ्याचा मुलगा आज पनवेलला वकिली करतो, आणि याचं श्रेय चौबळसाहेबांच्या शिस्तीला आहे. कार्यवाहांचा मी आभारी आहे. फक्त त्यातली एक गोष्ट दुरुस्त करायची परवानगी असावी. मला घडवलं ते दुसऱ्या माणसाने. त्यांचं नाव तुळशीराम राऊत. आजच्या सात भाषणांत ते नाव एकदाही आलं नाही, म्हणून आठव्या भाषणात घेतो.

एकोणीसशे एकोणपन्नास साली मी इथे अकरावीत होतो. राऊत सर आम्हाला इंग्रजी शिकवायचे. आमच्या घरात इंग्रजी शब्द दोनच माहीत, एक बोट आणि दुसरा पोलीस. अशा पोरांना हा माणूस रोज पाच शब्द द्यायचा. नुसता अर्थ नाही, खाली स्वतःचं मतही सांगायचा. म्हणायचा, शब्दकोशातला अर्थ परीक्षेसाठी, माझं मत भांडायला. पटलं नाही तर उद्या येऊन भांडा. आणि आम्ही खरोखर भांडायचो.

या शब्दांची वर्गाची एक वही माझ्याकडे असायची. अक्षर चांगलं म्हणून सर मलाच मोठ्या वहीत शब्द उतरवायला सांगायचे. काही नोंदी मला आजही पाठ आहेत.

डेमॉक्रसी. लोकांनी चालवलेलं राज्य. आणि खाली सरांचं मत: थोड्याच वर्षांत तुमच्या आईलाही मताचा हक्क मिळेल. तिने ते मत तुमच्या बापाला न विचारता दिलं, तर समजा डेमॉक्रसी आपल्या खाडीपर्यंत पोचली.

फ्यूडॅलिझम. सरंजामशाही. जमीन एकाची, राबणं दुसऱ्याचं, आणि वाटेत भेट झाली तर वाकायचंही दुसऱ्यानेच.

हे सर सांगत होते तेव्हा आमचा अख्खा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागला. खिडकीतून मिठागर दिसायचं. मिठागराचे मालक तेव्हा या संस्थेचे अध्यक्ष होते. ते आज हयात नाहीत, म्हणून त्यांचं नाव घेत नाही.

फॅसिझम. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी माना डोलवायच्या. हे देशात असतं, घरात असतं, शाळेतही असू शकतं.

आणि चौथा शब्द, ज्याने सगळं केलं. कम्युनिझम. शेतं, कारखाने, मिठागरं सगळ्यांच्या मालकीची असावीत हा विचार. सरांचं मत: विचार ऐकायला न्यायाचा वाटतो, पण जिथे तो राज्यावर आला तिथे विरुद्ध बोलणाऱ्याचं काय झालं, हे विचारल्याशिवाय टाळी वाजवू नये.

सभेने ही दोन वाक्यं लक्षात ठेवावीत. वाक्यं दोन होती.

त्याच वर्षी मिठागरावर मजुरांनी दोन दिवस काम बंद ठेवलं. राऊत सर मिठागरावर कधी गेलेही नव्हते. पण मालकांना कुणीतरी सांगितलं की मजुरांची पोरं घरी जाऊन नवे नवे शब्द बोलतात. ते दिवस कसे होते, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. कम्युनिस्टांची धरपकड चालू होती आणि नुसता संशय पुरत होता. चौबळसाहेब तेव्हा हंगामी मुख्याध्यापक होते. कायम करणं अध्यक्षांच्या हातात होतं.

एके दिवशी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. वर्गातून मागवून घेतलेली ती वही त्यांच्या टेबलावर होती. त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं. मिठागरावरच्या माणसाला या शाळेच्या ऑफिसात खुर्ची मिळाल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. साहेब म्हणाले, तुझं अक्षर मोत्यासारखं आहे, ही वही आपण शिक्षणखात्याकडे बक्षिसासाठी पाठवू. मग एक फुलस्केप पुढे केला. वरचा भाग कोरा, मधे इंग्रजीत एक ओळ, की वरील मजकूर राऊत सरांनी वर्गात सांगितला असून तो मी ऐकून लिहिला आहे. खाली सही कर म्हणाले. मी विचारलं, वर कोरं का आहे? ते म्हणाले, वहीतला निवडक मजकूर कारकून नंतर उतरवील.

मी इंग्रजीत सही केली. आयुष्यातली पहिली इंग्रजी सही. घरी येऊन बाबांना सांगितलं, तेव्हा बाबा खूश झाले. आई तेवढी म्हणाली, "कोऱ्या कागदावर कशाला केलीस रं?" बाबा तिच्यावर चिडले. म्हणाले, "मास्तर खोटं सांगंल व्हय? तुला काय कलतंय त्यातलं."

आईला कळत होतं, अध्यक्षमहाराज. या शाळेत शिकलेल्या आम्हा कुणाला कळत नव्हतं.

पाचव्या दिवशी भर तासाला पोलीस आले. सर फळ्यावर शब्द लिहीत होते. खडू त्यांनी जागेवर ठेवला, हात झटकले आणि आम्हाला म्हणाले, "उरलेले दोन शब्द उद्या." त्यानंतर ते या शाळेत आले नाहीत. नऊ महिने चौकशीशिवाय तुरुंगात होते. त्यांच्यावर काहीच शाबीत झालं नाही, कारण आरोपच ठेवला गेला नाही. सुटून आले तेव्हा कुठलीच शाळा त्यांना उभं करीना.

मामलेदारसाहेब, घड्याळ बघू नका, फार वेळ घेणार नाही.

सरांना नेल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांच्या पत्नीला, केसरवहिनींना, शाळेची खोली खाली करण्याची नोटीस मिळाली. त्यांची तीन वर्षांची मुलगी गोवराने फणफणली होती. वहिनी साहेबांच्या घरी गेल्या आणि दारात उभ्या राहून आठ दिवसांची मुदत मागितली. साहेबांनी एकच शब्द वापरला, तो त्यांचा फार आवडता आहे. डिसिप्लिन. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी तापलेल्या पोरीला चादरीत गुंडाळून मोटारीने माणगावला भावाकडे गेल्या. मोटार सुटेपर्यंत शाळेचा शिपाई तिथे उभा होता, कशासाठी ते त्यालाही सांगता आलं नसतं. मुलगी वाचली. पण त्या दुखण्यात डावा कान फुटला, आणि आज तिला त्या कानाने ऐकू येत नाही. महिनाभरात साहेब कायम झाले.

आता तुम्ही विचाराल, हे बारा वर्षांनी का? हे मला कळलंच दहाव्या वर्षी, आणि पुढची दोन वर्षं सरांसमोर जायचा धीर गोळा करण्यात गेली. शाळेच्या जागेच्या दाव्यासाठी संस्थेची जुनी दप्तरं माझ्याकडे आली होती. त्यात, मी सही केलेला तो फुलस्केप पोलिसांकडे पाठवताना ठेवलेली स्थळप्रत, म्हणजे दप्तरातली नक्कल, सापडली. खाली माझ्या सहीची नक्कल होती, आणि तिच्या वर कारकुनाच्या हातची कम्युनिझमची नोंद. त्यात एकच वाक्य होतं. शेतं, कारखाने, मिठागरं सगळ्यांच्या मालकीची असावीत, इतकंच. टाळी वाजवू नये हे वाक्य नव्हतं. मूळ वही त्याच दप्तरात होती, तिच्यात दोन्ही वाक्यं माझ्या अक्षरात आहेत. म्हणजे साहेबांना नोंद समजली नव्हती असं नाही. चांगली समजली होती. नेमकं काय गाळायचं हे समजल्याशिवाय गाळता येत नाही.

साहेब, पाणी घ्या. तांब्या तुमच्या उजव्या हाताला आहे.

राऊत सर शिकवायचे की शब्दाचा अर्थ सांगून थांबू नये, वाक्यात उपयोग करून दाखवावा. ऑपॉर्च्युनिस्ट, म्हणजे संधीसाधू. याला विचारसरणी नसते, त्यामुळे कुठल्याही राज्यात याची सोय होते. बेचाळीस साली साहेब विद्यार्थ्यांच्या खादीच्या टोप्या काढून घ्यायचे, हे वडीलधाऱ्यांना माहीत आहे. सत्तेचाळीसच्या पंधरा ऑगस्टला खादीची टोपी घालून झेंड्याखाली पहिलं भाषण त्यांचंच झालं. आणि मघाशी त्यांनी मामलेदारसाहेबांना सांगितलं की ते मनाने पहिल्यापासून सोशॅलिस्ट आहेत. वाक्यात उपयोग झाला.

गेल्या गुरुवारी मी माणगावला गेलो. राऊत सर तिथे कचेरीसमोर लोकांना अर्ज लिहून देतात. डोळ्यांना जाड भिंगं आहेत. मी स्थळप्रतीचं सगळं सांगितलं आणि म्हणालो, सर, माझ्या सहीने हे झालं. ते हसले. म्हणाले, "सही मला दाखवली होती पोलिसांनी. स्पेलिंग बरोबर होतं." म्हणजे पहिल्या दिवसापासून या माणसाला माहीत होतं. त्यांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही.

मी म्हणालो, निरोप समारंभात मी हे बोलणार. त्यावर त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि एकदम वर्गात आल्यासारखे विचारते झाले, "रिव्हेंज की अ‍ॅव्हेंज?" मला फरक आठवेना. तेव्हा त्यांनी समजावलं, की स्वतःच्या दुखण्याचा घेतो तो रिव्हेंज, आणि दुसऱ्यावर झालेल्या अन्यायासाठी करायचं ते अ‍ॅव्हेंज. मी म्हणालो, मग तुमच्यासाठी. ते म्हणाले, "माझ्यासाठी नको. मी तुला वकीलपत्र दिलेलं नाही. त्या माणसाची सुना-नातवंडं समोर बसलेली असतील, काळू."

बसलेली आहेत. पहिल्या रांगेत आहेत, मला दिसतात. त्यांची मी क्षमा मागतो, त्यांचा यात काही दोष नाही. पण मी बोललो. सरांच्या वतीने बोललो नाही. माझं वय सतरा होतं, मला खुर्चीवर बसवून माझ्याच हाताने माझ्या गुरूचा गळा धरायला लावला, आणि ते दुखणं माझं आहे. तेव्हा शब्द रिव्हेंज. मराठीत सूड. मला त्याची लाज वाटत नाही.

आणखी एकच गोष्ट, मग बसतो. माणगावहून निघालो तेव्हा सर जेवायला आत गेले होते. केसरवहिनी मला सोडायला रस्त्यापर्यंत आल्या. मोटार आली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा म्हणाल्या, "ह्यांनी सोडून दिलंय, ते ह्यांचं. मी माफ केलेलं नाही. मरेपर्यंत करणार नाही. तेवढं त्यांना माझ्या नावाने सांग, चारचौघांत सांग."

चौबळसाहेब, केसरबाई तुळशीराम राऊत यांनी तुम्हाला माफ केलेलं नाही.

आजचा कार्यक्रम निरोपाचा आहे. माझ्याकडे दिलेला निरोप मी पोचवला.

अध्यक्षमहाराजांनी मला मधेच थांबवलं नाही, याबद्दल त्यांचे मनापासून आभार. सभेने शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल सभेचे आभार. माझ्या बोलण्यात कुठे उच्चार चुकला असेल, कुणाचा मान ठेवायचा राहिला असेल, तर श्रोत्यांनी मोठ्या मनाने पदरात घ्यावं. सत्कारमूर्तींकडे मी क्षमा मागत नाही, आणि त्यांनीही ती इथे मागू नये. मागायची झालीच, तर माणगावची मोटार सकाळी साडेसहाला सुटते.