आवळीवरचं लाल फडकं

भिलाई, दिनांक २७ नोव्हेंबर १९६१

नाव भागाबाई, आडनाव ठवकर. नवऱ्याचं नाव विचारलं असता घेतलं नाही. सोबत आलेला मुलगा देवराव याच्या सांगण्यावरून लिहिलं ते कृष्णराव, रेल्वेच्या गँगचे मुकादम, आता रिटायर. वय साठच्या आसपास. मोठ्या प्लेगात रांगत होती, हिशेब तुम्ही करा, असं म्हणतात. धंदा घरकाम. राहणार सेक्टर ६, कंपनीचं क्वार्टर, मुलाजवळ. मूळ राहणार गोंदिया. लिहिता-वाचता येत नाही. हिंदी समजते, पण हिंदीत खरं बोलणं जमत नाही असं सांगितल्यावरून जबाब मराठीत, त्यांच्याच बोलीत, हवालदार शालिकराम यांनी लिहून घेतला.

मी समक्ष बसून सांगते की, राजहऱ्याच्या एका लाकूड ठेकेदारानं अर्ज केला आहे तो मले वाचून दाखवला. त्यात लिहिलं आहे की प्लांटमधला बाबू देवराव यानं जंगलातल्या तोडीच्या झाडावर पूजेचं सोंग केलं, झाडावरची सरकारी निशाणी बुजवली, लाल कापड बांधून मजुरांना भडकवलं आणि काम बंद पाडलं. देवराव माझा मुलगा. स्टोअरमध्ये क्लार्क आहे. अजून कायम झाला नाही, पुढच्या महिन्यात होणार आहे. हा अर्ज त्याच्या साहेबाच्या टेबलावर गेला तर होणार नाही. म्हणून मी आपल्या पायानं आली आहे. मले कोणी बोलावलं नव्हतं. मुलगा नको म्हणत होता. त्याचे बाप रिक्षा घेऊन आले. ते आता बाहेर बाकावर बसले आहेत.

यंदा कार्तिकात देवरावच्या सेक्शनच्या चार घरांनी जंगलात तंबू टाकून दोन दिवस राहायचं ठरवलं. फ्यामिली क्यांप म्हणतात. प्लांट उभा होऊन राहिला होता तेव्हा अर्धी भिलाई तंबूत राहत होती आणि पक्क्या घरासाठी अर्ज करत होती. आता घरं मिळाली तर परत तंबूची हौस आली. पण मले कोण विचारते. देवराव कामानं राजहऱ्याले जात असते म्हणून जागा पाहायचं काम साहेबानं त्याच्यावर टाकलं. साहेबाच्या बाईले डास चालत नाहीत, धूळ चालत नाही, उतार चालत नाही, असं बजावून सांगितलं होतं. देवरावनं ते इतकं मनावर घेतलं की जसा काही दुसऱ्या प्लांटचीच जागा पाहून राहिला.

तारीख १८, शनिवारी, स्टोअरच्या ट्रकमध्ये आम्ही चौघं निघालो. देवराव, सून प्रेमला, मी आणि हे. जागा एक रात्र राहून पाहावी लागते असं देवरावचं म्हणणं. आम्हा म्हाताऱ्यांले कावून नेतो असं मी विचारलं. तर म्हणे, माय, तू जिथे कुरकुर करणार नाही तिथे कोणीच करणार नाही.

सामानात एक ताडपत्री, भांडी, शिधा आणि यांची पिशवी होती. या पिशवीत यांची लाल-हिरवी झेंडी असते. रिटायर होऊन चार वर्षं झाली, समोरून गाडी येणार नाही की जाणार नाही, तरी असते. जुनी, फाटकी म्हणून रेल्वेनं परत घेतली नाही. मी एकदा त्या लाल कापडावर पापड वाळू घालते म्हणाली तर चार दिवस घरात बोलणं बंद होतं. हवालदार साहेब म्हणतात हे राहू द्या. मी म्हणते लिहा, पुढे लागेल.

राजहरा म्हणजे डोंगरातलं लहानसं गाव. लोखंडाची खाण, एक बाजार, आणि साऱ्यांच्या कपड्यांवर लाल माती. तिथून पुढे जंगल. पहिली जागा देवरावनं नाल्याकाठी दाखवली. वाळू साफ होती, त्याले फार आवडली होती. हे काठी टेकत एका झाडापाशी गेले आणि बुंध्यावर बोट ठेवून म्हणाले, पाणी इथवर आलं होतं. देवराव म्हणाला, बाबा, ते पावसाळ्यात. हे म्हणाले, पाण्याले टाइमटेबल नसते. त्या नाल्यात खाणीचं लाल पाणी उतरते. प्रेमला हळूच म्हणाली, आत्याबाई, या पाण्यात वरण शिजवलं तर हळद वाचेल. मी तिच्याकडे पाहिलं. हे पण पाहून राहिले. ती बऱ्याच दिवसांत असं बोलली नव्हती.

दुसरी जागा टेकडीवर. तिथून सारं दिसते, पण तिथे वाराच मालक आहे. ताडपत्री उडाली, तिच्यामागे देवराव, देवरावच्या मागे त्याची टोपी. साहेबाची बाई अंगानं बारीक आहे, तिचं काय होईल असं मी विचारलं. ती जागा गेली.

तिसरी जागा टेकडीच्या पायथ्याशी, सालईच्या झाडांत. बाजूले झिरा, पाणी काचेसारखं. आणि मधोमध आवळीचं एक झाड, फांद्या खाली आल्या होत्या इतकी लागलेली. मी तिथे बसली. मी बसली म्हणजे जागा ठरली, हे आमच्या घरी साऱ्यांले माहीत आहे. देवरावले अजून एक जागा दाखवायची होती, ती राहिली. अर्जात लिहिलं आहे की देवरावनं ही जागा मुद्दाम निवडली. देवरावले वाळू पाहिजे होती. झाड मी निवडलं.

कावून निवडलं ते सांगते. कार्तिकात आवळीखाली जेवायचं असते. गोंदियाले आमच्या रेल्वे क्वार्टरांच्या मागे आवळी होती, तिथे साऱ्या गँगच्या बायका पंगत करत होत्या. इथे सेक्टरमध्ये कंपनीनं लावलेली झाडं अजून काठ्यांएवढी आहेत, त्यांच्या सावलीत मुंगी बसेल. भिलाईत आल्यापासून आमचं आवळीभोजन झालं नव्हतं. मी निघतानाच सूत आणि कुंकू सोबत घेतलं होतं. मुलाले सांगितलं नाही. झाड सापडलं नसतं तर हसला असता.

पूजा मी केली. झाडाले सूत मी गुंडाळलं. बुंध्यावर गुडघ्याएवढ्या उंचीले साल तासून साफ केली होती आणि तिथे काहीतरी ठोकलं होतं. मले वाटलं माझ्याआधी कोणी बाई येऊन कुंकवासाठी जागा करून गेली. भल्या घरची दिसते, म्हटलं. मी त्यावर कुंकू लावलं, चांगलं भरून लावलं. ती जंगल खात्याची तोडीची निशाणी होती हे आज इथे समजलं. मले अक्षर येत नाही, आकडा येत नाही. निशाणी बुजवायची असती तर शेण लावलं असतं, कुंकू महाग आहे.

हे त्या वेळी बाजूले उभे होते. यांचा पूजेवर विश्वास नाही. झाडाखाली जेवून पोट भरते तर आंब्याखालीही भरते, असं दर साली म्हणतात आणि दर साली पहिल्या पंगतीले बसतात. या वेळी मात्र खाली वाकून ती तासलेली जागा पाहिली, माझ्या कुंकवाच्या बोटाकडे पाहिलं, आणि झिऱ्यावर पाणी आणाले गेले. मले वाटलं भूक लागली असेल.

जेवायले भाकरी, घट्ट वरण आणि ताज्या आवळ्याची चटणी होती. प्रेमलानं एक भाकरी खाल्ली. मग दुसरी घेतली. मग म्हणाली, आत्याबाई, चटणी अजून आहे का.

हवालदार साहेब विचारतात यात काय विशेष. विशेष काही नाही. जेठात आमच्या घरी जे झालं ते झालं, ते अर्जात नाही, म्हणून जबाबातही नको. पाळणा माळ्यावर टाकला एवढं लिहा. तेव्हापासून ती ताटात बोट फिरवून उठत होती. डॉक्टरचं टॉनिक झालं, तिची माय नागपूरहून येऊन गेली, मी रागावून पाहिलं, लाडानं पाहिलं. पाच महिने. त्या दिवशी देवराव नुसता तिच्या ताटाकडे पाहून राहिला, त्याचं वरण थंड झालं. मी त्याले कोपरानं ढोसलं की दुसरीकडे पाह्य. यांनी आपल्या ताटातली चटणी उचलून तिच्या ताटात ठेवली आणि म्हणाले, मले आंबट चालत नाही. यांना आंबट चालते. जन्मभर चाललं आहे.

रात्री आम्ही तिथेच झोपलो. देवराव असा झोपतो की वरून मालगाडी गेली तरी समजणार नाही, म्हणून रात्री त्यानं काही केलं हे म्हणणं खोटं आहे. सकाळी मी उठली तेव्हा हे अंथरुणात नव्हते, पण म्हातारी माणसं सकाळी कुठे जातात हे विचारायचं नसते. नऊच्या ट्रकनं आम्ही परत निघालो. निघताना मी वर पाहिलं नाही. माझी मान वर जात नाही.

पुढचं मी पाहिलं नाही, जसं सांगितलं तसं सांगते. सोमवारी ठेकेदाराचे मजूर ट्रकसाठी रस्ता मोकळा कराले आले. सुताकडे त्यांनी लक्ष दिलं नाही, कार्तिकात सूत साऱ्याच आवळ्यांवर असते. मग मजुरांचा मेट, म्हणजे त्यांचा मुकादम, मथुरा यानं वर पाहिलं. उंच फांदीवर लाल फडकं बांधलं होतं. त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि म्हणाला, इहां माता बइठे हे. बाकीच्यांनीही ठेवली. आता तिथे नारळ वाहून राहिले आहेत. मजुरांनी झाडाच्या बाजूनं रस्ता काढला आहे, ट्रक त्या बाजूनं जाते. ठेकेदाराचा राग रस्त्यावर नाही, त्याले न विचारता काढला यावर आहे. तरी माझं मथुराले सांगणं आहे की तिथे माता बसली नव्हती, मी बसली होती.

लाल कापड ठेकेदारानं मजुरांची नजर चुकवून अर्धं फाडून आणलं, ते मले दाखवलं. मी हातात घेऊन पाहिलं. कापड जुनं आहे. एका काठाले निळ्या दोऱ्यानं शिवलं आहे. टाके लहान लहान आहेत. हे कापड मी बांधलं.

कापड फार उंच होतं, तुमचा हात कसा पोचला असं विचारलं. मी झाडावर चढली. या वयात कशी चढलात असं विचारलं. हळूहळू.

वर लिहिलेला सारा जबाब हवालदार साहेबांनी मले मोठ्यानं वाचून दाखवला. बाहेर बाकावर ऐकू गेला असेल. वाचून झाल्यावर ते म्हणाले, आजी, सारं बरोबर वाटते, झाडावर चढलेलं सोडून. मान वर जात नाही आणि झाडावर चढली, या दोन गोष्टी एका कागदावर राहत नाहीत. एवढं एक खोटं निघालं तर ठेकेदार म्हणेल सारंच खोटं, आणि मुलगा अडकेल तो अडकेलच. मी थोडा वेळ मागितला. पाणी प्याली.

दुरुस्ती सांगते ती अशी. कापड मी बांधलं नाही. ही रेल्वेची झेंडी आहे. निळे टाके माझे आहेत, लाल दोरा घरात संपला होता. या कापडावर मले पापड वाळू घालू दिले नव्हते. तोडीची निशाणी काय असते हे गँगच्या माणसाले समजते, त्यांनी जन्मभर जंगलातून आलेले रुळांखालचे लाकडी स्लीपर निशाणी पाहून मोजून घेतले. लाइनवर पुढे धोका असला की लाल लावायचं आणि सारं थांबवायचं, एवढंच त्यांना येते. उंच फांदी काठीनं खाली ओढून बांधलं असेल, सोडली की फांदी वर जाते. माता त्यांच्या डोक्यात नव्हती. मले हे आज, कापड हातात आल्यावर समजलं. मले त्यांनी सांगितलं नाही, कारण मी वर्षभर हसली असती. लावलेली झेंडी ज्यानं लावली त्यानंच काढायची, हा लाइनचा कायदा आहे, म्हणून उरलेली काढायची की नाही ते त्यांनाच विचारा. देवरावचा यात हात नाही.

हवालदार साहेब म्हणाले, कोणी बांधलं त्याचं नाव तुमच्या तोंडून यायला पाहिजे. मी म्हणाली, यांनी. ते म्हणाले, जबाबात ‘यांनी’ लिहिलं तर दुर्ग जिल्ह्यातल्या साऱ्या बायकांचे ‘हे’ इथे उभे करावे लागतील. मुलाले विचारा म्हटलं तर म्हणाले, मुलाचं यात चालत नाही, त्याच्यावरच अर्ज आहे.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सांगितलं. लाल फडकं कृष्णरावनं बांधलं.

बाहेरच्या बाकावरून आवाज आला, हाजर. गँगच्या हजेरीत नाव पुकारलं की देतात तसा. मग काठी टेकत ते दारात येऊन उभे राहिले. माझ्याकडे पाहिलं नाही. मी पण पाहिलं नाही. त्यांचा जबाब वेगळा घ्यावा आणि आधी त्यांना चहा द्यावा, सकाळपासून घेतला नाही.

दुरुस्तीसह परत ऐकवला. मी सांगितलं तेच कागदावर आलं आहे, कोणी धाक दाखवला नाही. वर सुरुवातीला ‘नाव घेतलं नाही’ असं लिहिलं आहे ते आता खोडू का असं हवालदार साहेबांनी विचारलं. खोडू नका म्हटलं. तेव्हा घेतलं नव्हतं.

निशाणी डाव्या हाताचा अंगठा, भागाबाई.